पेटी कपाटात, तास गणिताला

सातवीनंतर शाळांतून संगीत गायब होतं, असं एका लेखात वाचलं, आणि ते पटलं. आमच्या शाळेत पेटी (हार्मोनियम) होती, पण ती कुलुपात. स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी बाहेर निघायची, तोवर भात्याला उंदरानं भोक पाडलेलं असायचं! आठवीपासून तर संगीताचा तास सरळ गणिताच्या सरांकडे.

आणि हे कोल्हापुरात. जिथं शाहू महाराजांनी थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात ठेवलं, जिथं देवल क्लब ही संगीताची संस्था १८८३ पासून उभी आहे.

दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आता पोरं गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा देतात. वाईट नाही. पण माझ्या भाचीला भूप रागाचे आलाप-ताना तोंडपाठ, आणि दुसऱ्या कुणी भूप गायला तर ओळखता येईना. चूक तिची नाही, कुणी ऐकवलंच नाही तिला. (गुण मिळाले, तानपुरा माळ्यावर गेला.)

माझं मत विचाराल तर परीक्षा राहू दे बाजूला. आठवड्याला एक तास नुसतं ऐकवा. गाणं, भजन, शाहिराचा डफ, काहीही. तालात टाळ्या वाजवायला तर पैसे लागत नाहीत न्हवं? फक्त तो तास गणिताला देऊ नका.