आउटडोअर कुठं बसवायचं?

पर्यावरणाची काळजी करायची मनापासून इच्छा असेल, तर आधी एसी घ्या. थट्टा करत नाही. सोलापूरचा पारा ४३ ला टेकला की माणसाला फक्त स्वतःची काळजी सुचते. खोली २४ वर आली की मग ध्रुवावरची अस्वलं, वितळणाऱ्या हिमनद्या वगैरे डोळ्यांपुढं यायला लागतात. घामाघूम माणूस पृथ्वी वाचवत नाही. तो जास्तीत जास्त रसवंती गाठतो.

घ्यायचा तर पाच स्टारचाच घ्या. चार पैसे जास्त जातात, पण एकदा ते पाच तारे भिंतीवर चढले की वीज वाचवण्याचं पुण्य आपोआप खात्यावर जमा होतं. वाचलेल्या विजेचं काय करायचं? एसी आणखी दोन तास चालवायचा. आणि १८ वर लावायचा, म्हणजे अंगावर चादर घेता येते. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती परगावच्या पाहुण्यांच्या बॅगांतून देशभर गेली. पण खुद्द सोलापुरात ती जाडजूड जेकार्ड चादर पांघरायची सोय थंडीतले पंधरा-वीस दिवस सोडले तर नव्हतीच. विज्ञानानं ती ऐन मे महिन्यात करून दिली. याला स्थानिक उद्योगाला हातभार म्हणतात.

आता मुद्द्याचं. एसी बसवायला पोरगा येतो, भिंतीला भोक पाडतो, शिडीवर चढतो आणि तोंडात स्क्रू धरून विचारतो, "आउटडोअर कुठं बसवायचं?" घाईत उत्तर देऊ नका. गेल्या दोनशे वर्षांतल्या सगळ्या प्रगतीपुढं हाच एक प्रश्न होता.

कारण एसी गारवा तयार करत नाही. दीड टनाचं यंत्र खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतं, त्यासाठी दीडेक किलोवॅट वीज खातं आणि दोन्हींची बेरीज, म्हणजे पावणेसात किलोवॅटच्या आसपास, मागच्या बाजूनं, म्हणजे बाहेर बसवलेल्या आउटडोअरमधून, ओकतं. उष्णता इकडची तिकडं होते, वर दलाली पडते. सगळ्या गावानं एकदम एसी लावले तर गाव गार होत नाही, गरम होतं. पण गाव गार करायला एसी घेतलाय कुणी?

आमच्या शेजारच्या अण्णांनी हा प्रश्न दोन सेकंदांत सोडवला. त्यांचं आउटडोअर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आलं. त्या खिडकीत तुळस होती. पहिल्या आठवड्यात तिची पानं कडेनं तपकिरी झाली, दुसऱ्यात मंजिऱ्या हात लावला की चुरायला लागल्या, तिसऱ्या आठवड्यात कुंडीत काडी उरली. मी गेलो.

"अण्णा, तुमच्या आउटडोअरची झळ थेट आमच्या तुळशीवर येतीय."

"येणारच की ओ. बाहेर लावलंय ना."

"पण ते तुमचं बाहेर. आमचं ते स्वयंपाकघर आहे."

"मग तुम्हीबी बसवा की एक," अण्णा अगदी मायेनं म्हणाले. "आमच्या खिडकीत तुळस नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाच्या हाती कोरफडीची कुंडी पाठवली. ही झळ सोसते, असा निरोप होता. हवामानबदलाशी जुळवून कसं घ्यावं यावर देशोदेशी परिषदा भरतात. अण्णांनी ते एका कुंडीत भागवलं.

अण्णांना नावं ठेवू नका. त्यांच्यामागं मोठी परंपरा आहे. पूर्वीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले वायू असायचे. गळती झाली की घरातली माणसं दगावायची. १९२८ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं त्यावर तोड काढली. नवा वायू विषारी नाही, पेटतही नाही, हे दाखवायला त्यानं तो चारचौघांत छातीभर ओढला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. घरातलं विष गेलं. वायू वर गेला. वर कोण राहतं? पुढं मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये सांगितलं की हा वायू ओझोनचा थर खातो, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर भोक पडलेलं दिसलं, १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला आणि जगानं खरोखर तो पाळला. हे उदाहरण मात्र कुणाला सांगू नका. माणसं ऐकतात, सुधारतात आणि भोकही भरायला लागतं, असं एकदा कळलं की बाकीच्या बाबतीत आपल्याला सबब उरत नाही. त्यापेक्षा पुढचं सांगा: ओझोनला न खाणारे जे पर्यायी वायू आले, त्यांतले बरेचसे पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो, काही हजारो पट तरबेज निघाले, आणि ते कमी करायला २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत पुन्हा बसावं लागलं. आउटडोअर ओझोनच्या खिडकीवरून काढून हवामानाच्या खिडकीवर बसवलं होतं, एवढंच. हाच मिजली पेट्रोलमध्ये शिसं घालणाराही होता, पण एका माणसाला किती श्रेय द्यायचं?

हे ध्यानात आलं की गावंसुद्धा आउटडोअर बसवतात हे दिसायला लागेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या गार, सुसंस्कृत शहरांचं आउटडोअर आपल्या उजनी धरणात आहे. तिथलं सांडपाणी, काही शुद्ध होऊन आणि काही जसं निघालं तसं, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी करत भीमेत येतं आणि भीमा ते इमानेइतबारे उजनीत आणून देते. धरणावर जलपर्णीचा हिरवागार गालिचा दिसला की पुणेकर पाहुण्याला म्हणायचं, बघा, तुमच्यामुळं आमच्याकडं किती हिरवळ आहे. मग त्याला घरी आणून तेच पाणी द्यायचं, सोबत शेंगाचटणी. ठसका लागला तर दोष चटणीला देता येतो.

आपण मात्र रडत बसायचं नाही. आपल्यालाही खालचं कुणीतरी आहे. शहराचे नाले सीनेकडं जातात, सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते आणि भीमा पुढं कर्नाटकात जाते. त्या कुडलच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. पाणी पील त्याच्याविषयी हजार वर्षांपूर्वीच्या त्या शहाण्या माणसानं काही लिहिलेलं नाही.

उजनीवरून एक हिशेब शिकून घ्या, घरच्या बजेटला उपयोगी पडेल. धरणात एकूण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त हा मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी हात लावायचं नाही म्हणून ठेवलेलं. आपण त्यालाही हात लावतो आणि त्याला 'उजनी मायनसमध्ये गेली' असं म्हणतो. पानटपरीवर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत कुणीही सहज विचारतो, "किती मायनस?" दुसऱ्या कुठल्या गावात शून्याच्या खालचं पाणी इतक्या निवांतपणे पितात, मला माहीत नाही. बँकेत एवढ्या मायनसमध्ये गेलो असतो तर घरावर नोटीस चिकटली असती. धरणाला बिचाऱ्याला नोटीस काढता येत नाही.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री अडीचला. त्या वेळी चावी सोडणाऱ्याच्या गाडीचा आवाज आधी कुत्र्यांना कळतो, मग गल्लीला. जबाबदार नागरिक म्हणून तुम्ही नळालाच मोटार लावा. सगळेच लावतात. जो लावत नाही त्याच्या नळातून फक्त हवेचा फुसफुस आवाज येतो. त्याला त्या रात्री पाणीबचतीचा मान मिळतो. हौद भरला, वरची टाकी भरली, पिंप, घागरी, बादल्या भरल्या की कालचं 'शिळं' पाणी मोरीत ओता. चार दिवसांपूर्वी जे जीवन होतं, ते नवीन पाणी आल्याबरोबर शिळं कसं होतं, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी. उरलेल्या दिवसांसाठी बोअर आहेच. पूर्वी दोनशे फुटांवर लागायचं, आता सहाशेला नुसता फुफाटा उडतो, पण गाडीवाला म्हणतो अजून शंभर जाऊ. पाणाडीनं नारळ तळहातावर ठेवून जागा दाखवायची आणि तिथं कॉम्प्रेसर लावलेल्या यंत्रानं खडक फोडायचा. परंपरा आणि आधुनिकता यांचा असा सुरेख संगम दुसरीकडं दिसणार नाही. पाणी तेवढं दिसत नाही.

शेती असेल तर ठिबक कराच. ठिबकनं पाणी वाचतं, यात शंका नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावा. १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं की इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली की कोळसा कमी जळत नाही, जास्त जळतो. त्याला ते कोड्यासारखं वाटलं. आपल्या जिल्ह्यात त्याला नियोजन म्हणतात. सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या मुलखात राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने आहेत. एक किलो साखरेमागं दीड-दोन हजार लिटर पाणी जातं. तेव्हा मधुमेहाची भीती दाखवून चहात साखर कमी घालणाऱ्या डॉक्टरांनी नकळत जलसंधारणाचं केवढं काम केलंय, ते पाहा.

५ जूनला झाड लावा. खड्डा गेल्या वर्षीचाच वापरा, तो अजून तसाच आहे. खड्ड्यांच्या बाबतीत तरी आपण पुनर्वापर करतो. शहरात जागा नसेल तर नान्नजकडच्या माळावर जा. तिथं नुसतं गवत आहे, म्हणजे सरकारी भाषेत पडीक. १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, कारण त्या पक्ष्याला उघडा माळच लागतो. चालत शिकार शोधणारा, जमिनीवर एकच अंडं घालणारा, लांबवर नजर पोचावी म्हणून मोकळं मैदान मागणारा हट्टी पक्षी. आपण त्याच्यासाठी काय केलं नाही? अभयारण्य तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं केलं, पुढं ते १,२२२ पर्यंत आवरलं आणि माळ ओकाबोका दिसू नये म्हणून ग्लिरिसिडियाची झाडं लावली. एवढी हिरवाई करूनही पक्षी राहिला नाही. कधीतरी एखादा दिसल्याची बातमी येते. कृतघ्नपणा.

प्लॅस्टिकबद्दल फार लिहीत नाही. राज्यात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे; मंगळवार बाजारात भाजीवाल्या मावशी पिशवी देताना आता पदराआड देतात, एवढी जागृती झालीय.

शेवटी विज्ञानावर विश्वास ठेवा, पण सोयीच्या पानापर्यंतच. स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८९६ मध्ये, वर्षभर हातानं आकडेमोड करून, सांगितलं होतं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. म्हणजे बातमी सव्वाशे वर्षं जुनी आहे. पण पुढं त्यानं असंही म्हटलं की थंड प्रदेशांत हवामान सुखावह होईल, पिकं जास्त येतील. हे पान जपून ठेवा. स्टॉकहोमच्या थंडीत बसलेल्या माणसाला ऊब हवीहवीशी वाटणारच. त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभा केला असता, तर आकडेमोड तीच राहिली असती, निष्कर्षाचा सूर तेवढा बदलला असता. त्यानं आउटडोअर आपल्या बाजूला बसवलं होतं, त्याला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण आहेरवाडी-फताटेवाडीला कोळशावरचं १३२० मेगावॅटचं वीजकेंद्र उभारलं. त्या विजेवर एसी चालतो. चक्र पूर्ण होतं.

तर मीही गेल्या रविवारी एसी घेतला. पाच स्टार. पोरगा शिडीवर चढला, तोंडात स्क्रू धरला आणि म्हणाला, "साहेब, आउटडोअर कुठं?"

पूर्वेला अण्णा. तुळस नाही त्यांच्याकडं, पण कोरफड त्यांनी दिलीय, डोळ्याला डोळा द्यावा लागतो. पश्चिमेला नुकतं बाळंतपण झालेलं घर. पुढं रस्ता, तिथं इस्त्रीवाला बसतो. तो आधीच इस्त्रीच्या कोळशापाशी बसलेला, त्याला फरक पडला नसता, पण बायको म्हणाली, नको. शेवटी गच्चीवर बसवायचं ठरलं. गच्चीवर कुणाची खिडकी नाही.

तिथं कठड्याशी चिमण्यांसाठी पाण्याची मातीची वाटी ठेवलेली असते, तिचा फोटो मी दर उन्हाळ्यात स्टेटसला टाकतो. ती आता आउटडोअरच्या बरोबर समोर आलीय. सकाळी नऊला भरली तर अकराला कोरडी. म्हणून हल्ली मी दिवसातून तीनदा भरतो, आणि खाली येऊन लगेच एसी लावतो, कारण गच्चीवर फार गरम होतं.