भुयार पसंत करणे आहे

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा साहसखेळ. तो खेळणाऱ्या आमच्या टोळक्यात मी डन्जन मास्टर, अर्थात डीएम. म्हणजे बाकीचे फासे टाकतात, राक्षस मारतात आणि खजिना वाटून घेतात. त्या राक्षसांना घर, शेजार आणि खजिना पुरवायचं खातं माझ्याकडे. पुढची मोहीम एखाद्या अवाढव्य भुयारात करायची, असं एकमताने ठरलं. ‘छापील, आयतं मिळतं. तुला काय काम उरतं?’ हेही एकमतानेच.

पहिला उमेदवार ‘हॉल्स ऑफ आर्डन वुल’. २०२० सालचं हे प्रकरण अकराशेहून जास्त पानांचं, खोल्या दोन हजारांवर. आता आमची मंडळी दार कसं उघडतात ते सांगतो. आधी दाराला कान लावतात. मग बिजागऱ्या तपासतात. मग दहा फुटी काठीने लांबूनच ढोसतात. मग एकजण दाराशी बोलून बघतो. एवढं झाल्यावर दार नुसतं लोटलेलंच होतं असं कळतं, आणि मग तर त्यांचा संशय दुप्पट होतो. या वेगाने शेवटच्या खोलीत आमची नातवंडं पोचतील.

मग अंडरमाउंटन. हॅलास्टर नावाच्या माथेफिरू जादूगाराचं हे भुयार २०१८च्या पुस्तकात तेवीस मजल्यांचं आहे आणि खेळाडूंच्या पात्रांना पाचव्या लेव्हलपासून (म्हणजे पात्राच्या ताकदीच्या पायरीपासून) विसाव्यापर्यंत पुरतं. १९९१ साली एड ग्रीनवूडने केलेला त्याचा जुना पेटीतला अवतार मला जास्त आवडतो. त्यात नकाशे टेबलभर पसरतील एवढे आणि कितीतरी खोल्या रिकाम्या. त्या डीएमने भरायच्या! पैसे मोजून गृहपाठ विकत घ्यायचा.

लोक आधी राक्षस बघतात, मी जिने बघतो. वरून खाली यायला एकच जिना असेल तर ते भुयार नव्हे, रांग. १९७९चं ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ काढून बघा: जेनेल जेक्वेजने वर-खाली जायच्या इतक्या वाटा ठेवल्यात की पळून जाणारे खेळाडू नकळत आणखी खोल जातात. असा नकाशा मिळाला की मी पुढचं फारसं वाचतही नाही. जिने पास झाले की शेजार तपासायचा. एका पुस्तकात (नाव घेत नाही) तीन फुटी दाराच्या खोलीत पंधरा फुटी जनावर बसलेलं होतं. ते आत आलं कसं, खातं काय आणि पलीकडच्या गॉब्लिनांना (बुटके, उपद्रवी राक्षस) अजून का खाल्लेलं नाही, यावर लेखकाचं संपूर्ण मौन.

शेवटी ‘स्टोनहेल’ घेतलं. मजल्याचे चार तुकडे पाडलेले, मजकूर आटोपशीर, चालू खेळात दोन मिनिटांत सापडेल असा. पण ते खेळाच्या जुन्या नियमांना धरून लिहिलेलं. आता फक्त आमच्या नियमांत बसवायचं होतं. जुन्या पद्धतीत चिलखताचा आकडा जितका कमी तितकं ते भक्कम, आमच्याकडे उलटं. ते वजाबाकीने निभावतं. सोन्याचं काय करणार? पूर्वी खजिना बाहेर आणला की नाण्यागणिक अनुभवगुण (ते साठले की पात्राची लेव्हल वाढते) मिळत, म्हणून जुने लेखक सोनं सढळ हाताने ओतायचे. ते जसंच्या तसं ठेवलं तर आमचा चोर दुसऱ्या मजल्यावरूनच निवृत्त होऊन जमीनजुमला घेईल. म्हणून मी रात्री बसून राक्षसांची तिजोरी हलकी करत होतो. पहारेकऱ्यांचा पगारही कापला.

इतक्यात खेळात पुजारी झालेल्या मित्राचा निरोप आला: ‘आमच्या देवाचं एखादं देऊळ असेल ना आत?’ नव्हतं. पहिल्या मजल्यावर जागा काढली. तिथे सगळ्यांच्या आग्रहाखातर मी नुकतंच एक आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) बसवलं होतं, त्याला उत्तरेला हलवलं. उत्तरेचे गॉब्लिन मग तिथे राहीनात. त्यांना खाली पाठवलं, तर खालच्या सांगाड्यांना पहाऱ्यासाठी दार उरलं नाही. सांगाड्यांना गॉब्लिनांचं दार दिलं, आणि आउलबेअरचा बाहेर पडायचा रस्ताच बंद झाला. ते सध्या जिन्यात आहे.