गुरुवारचं पाणी आणि वाघोलीचा फ्लॅट

गुरुवारी पाणी येणार की नाही, एवढंच बघायचं असतं. कोथरूडला येणार, वडगाव शेरीला नाही, किंवा उलटं. उत्तर एका ओळीचं. पण ती ओळ बातमीच्या तळाशी असते, आणि तळाशी पोहोचेपर्यंत वाघोलीतला टू बीएचके, गुडघ्याचं तेल, केसांचं तेल आणि सोनेतारण कर्ज या सगळ्यांना भेटून पुढं जावं लागतं. कोपऱ्यात एक व्हिडिओ न विचारता सुरू होतो. त्याची फुली मोहरीएवढी. तिच्यावर बोट टेकवायला जावं तर पान सरकतं आणि बोट पडतं वाघोलीवर. या सरकण्याचं कारण साधं आहे. जाहिरातीच्या चौकटीला जागा आधी राखून ठेवलेली नसते. मजकूर आधी येतो, जाहिरात मागून येते आणि त्याला खाली ढकलते. एकदा बोट पडलं की तो फ्लॅट आपल्या मागं लागतो. पंचांग उघडा, फ्लॅट. मोदकांची कृती उघडा, फ्लॅट.

वेबवरची पहिली बॅनर जाहिरात १९९४ साली हॉटवायर्ड या साइटवर लागली. पुढे एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच चावट पानावर झळकली आणि कंपनी चिडली. तेव्हा जाहिरात पानापासून वेगळ्या खिडकीत उघडावी म्हणून पॉप-अपचा कोड लिहिला गेला. तो लिहिणारे इथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. आपण ती मान्य करावी, पण बंदोबस्त स्वतः करावा.

बंदोबस्त म्हणजे जाहिराती अडवणारा ब्लॉकर. तो ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम असतो, आणि त्यातलं घ्यायचं ते युब्लॉक ओरिजिन. यातला 'ओरिजिन' गाळू नका, नुसत्या 'युब्लॉक'चं बिऱ्हाड वेगळं आहे. रेमंड हिल यांनी हे काम २०१४ मध्ये सुरू केलं. ते फुकट आहे, आणि हे गृहस्थ देणगीही घेत नाहीत. एवढं ऐकल्यावर सदाशिव पेठेत संशय बळावतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. टाकताना ब्राउझर विचारतो, 'सगळ्या साइटवरचा तुमचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी देता का?' ती दिल्याशिवाय काम होतच नाही, म्हणून 'सुपर', 'अल्ट्रा', 'प्रो' अशी विशेषणं लावलेल्या अनोळखी एक्स्टेन्शनला ती देऊ नये. अ‍ॅडब्लॉक प्लस जुनं आणि नावाजलेलं आहे, पण २०११ पासून त्यात 'स्वीकारार्ह जाहिराती' आपणहून चालू असतात, आणि त्या यादीत बसायला मोठ्या कंपन्या पैसे मोजतात. सेटिंगमध्ये जाऊन ती खूण काढता येते. दोन ब्लॉकर मात्र एकत्र नांदवू नयेत. एकानं केलेली दुरुस्ती दुसरा उसवतो आणि पान कोरं दिसतं.

आता ब्राउझर. क्रोमनं मॅनिफेस्ट व्ही थ्री नावाचे नवे नियम आणले आणि २०२५ मध्ये मूळ युब्लॉक ओरिजिन तिथून बाद झालं. पूर्वी पानासाठी चित्र, स्क्रिप्ट मागवणारी प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनच्या हातून जायची. आता एक्स्टेन्शननं नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची आणि गप्प बसायचं. क्रोमसाठी म्हणून युब्लॉक ओरिजिन लाइट आहे. त्याच्या खिडकीत बेसिक, ऑप्टिमल आणि कम्प्लीट अशा तीन पायऱ्या आहेत. काम भागतं. पण पूर्ण ताकद हवी असेल तर फायरफॉक्स घ्या. तिथं मूळ अवतार अजून शाबूत आहे. यावर 'पण मला क्रोमची सवय आहे' असं उत्तर येतं. मग वाघोलीचीही सवय करून घ्यावी.

आत काय चालतं ते कळलं की पुढचे निम्मे प्रश्न मिटतात. पान उघडलं की ब्राउझर चित्रं, स्क्रिप्ट, अक्षरं यांच्यासाठी डझनावारी मागण्या पाठवतो. ब्लॉकर प्रत्येक मागणीचा पत्ता इझीलिस्टसारख्या याद्यांशी ताडून पाहतो आणि जाहिरातवाल्याचा असेल तर ती मागणी जाऊच देत नाही. जाहिरात उतरतच नाही, त्यामुळे डेटा वाचतो. उरलेल्या रिकाम्या चौकटी तो नंतर लपवतो. मराठी साइटसाठी मूळ युब्लॉक ओरिजिनच्या डॅशबोर्डमधल्या, म्हणजे सेटिंगच्या पानावरच्या, 'फिल्टर लिस्ट्स'मध्ये प्रदेश आणि भाषांच्या भागात इंडियनलिस्ट आहे, तिच्यावर खूण करा आणि वरचं 'अप्लाय चेंजेस' दाबा. ते न दाबता खिडकी बंद करणारे बरेच असतात, आणि तेच नंतर 'काही उपयोग नाही हो' म्हणतात. उत्साहाच्या भरात सगळ्याच याद्यांवर खुणा करणारा दुसरा वर्ग आहे. त्यांची अर्धी पानं मोडतात.

यादीच्या तावडीतून सुटलेल्या चौकटीसाठी एक्स्टेन्शनच्या खिडकीत दोन हत्यारं आहेत. विजेच्या खुणेचा झॅपर चौकट तात्पुरती उडवतो, पान पुन्हा उघडलं की ती हजर. 'ब्लॉकर बंद करा' म्हणणारा पडदा पान अडवून बसला असेल तर आधी हाच वापरा, कारण पडद्यासोबत गोठवलेलं स्क्रोलही तो बहुतेक वेळा सोडवतो. ड्रॉपरच्या खुणेचा पिकर मात्र कायमचा नियम लिहितो. चौकटीवर टिचकी मारा, काय लाल होतंय ते बघा, मग 'क्रिएट'. बघणं महत्त्वाचं. घाईत मोठी चौकट निवडली तर जाहिरातीबरोबर बातमीही जाते, आणि नुसतं पांढरं पान बघत 'साइट बंद पडलीय वाटतं' अशी चर्चा घरात सुरू होते. साइट चालू असते. डॅशबोर्डमध्ये 'माय फिल्टर्स' उघडा, दोन हॅश चिन्हं असलेली शेवटची ओळ पुसा, पुन्हा 'अप्लाय चेंजेस'.

वीजबिल भरताना पैसे द्यायचं पान नुसतंच गरगरत राहिलं तर एक्स्टेन्शन उपटून टाकू नका. त्याच्या खिडकीतलं मोठं पॉवरचं बटण दाबा आणि पान पुन्हा उघडा. ब्लॉकर तेवढ्या साइटपुरता बंद होतो. मात्र बिल भरायला नव्यानं बसण्याआधी पहिल्या वेळचे पैसे कापले गेलेत का, ते बँकेच्या खात्यात बघा. ज्या साइटनं जगावं असं वाटतं, तिच्यासाठीही हेच बटण आहे.

एवढं करूनही संगणकाच्या कोपऱ्यातून 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस' अशी पाटी उगवते, आणि खापर ब्लॉकरवर फुटतं. तो निर्दोष आहे. कधीतरी कुठल्यातरी साइटनं 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं आणि घरातल्या कुणीतरी सौजन्यानं 'अलाउ' म्हटलं. हे सौजन्य या शहरात आलं कुठून, हा संशोधनाचा विषय आहे. ते निरोप पानातून येत नाहीत, थेट ब्राउझरकडे येतात. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून परवानगी मिळालेल्यांची यादी बघा. ओळखीचं नसेल ते नाव काढा.

फोनचं गणित वेगळं. अँड्रॉइडवरचं क्रोम एक्स्टेन्शन घेत नाही, फायरफॉक्स घेतो. मेन्यूतल्या एक्स्टेन्शन्समध्ये युब्लॉक ओरिजिन मिळतं. आयफोनवर सफारीसाठी लाइट आहे. अ‍ॅपमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिथं अ‍ॅडगार्डच्या जाहिराती गाळणाऱ्या डीएनएसचा पत्ता भरला की जाहिरातवाल्यांचे पत्ते सापडेनासे होतात. युट्यूबवर त्याची मात्रा चालत नाही, कारण तिथं जाहिरात आणि व्हिडिओ एकाच घरून येतात. आणि स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं वायफाय लॉगिनचं पानच दाखवत नसेल, तर राउटरला शिव्या देण्याआधी हे डीएनएस तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक'वर न्या.