खुर्ची तरंगताना दिसली, कारण ती खरंच तरंगत होती

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला आणि तुमच्या खुर्चीची आम्ही कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये बनवलेली तिन्ही चित्रं मोठ्या स्क्रीनवर पुन्हा उघडून बसलो. तुमच्या तक्रारी चार: खुर्ची फरशीवर टेकलेलीच वाटत नाही, सावल्या कात्रीने कापून चिकटवल्यासारख्या दिसतात, उन्हातल्या चित्रात सावली निळी आहे, आणि दुरुस्ती सांगितल्यावर आम्ही सावली नुसती फिकट करून पाठवली. यातल्या साडेतीन अगदी बरोबर आहेत. उरलेल्या अर्ध्याबद्दल पुढे लिहितो.

आधी टेकण्याचं. तुमच्या कॅड फाइलमध्ये, म्हणजे खुर्चीच्या कॉम्प्युटरवरच्या आराखड्यात, प्रत्येक पायाखाली ४ मिलिमीटर जाडीची फेल्टची चकती आहे, वेगळ्या लेयरवर (थरावर). फाइल इम्पोर्ट करताना तो लेयर स्क्रू-फिटिंगचा समजून आमच्याकडे बंद केला गेला. चकत्या गेल्या, खुर्ची होती तिथेच राहिली, म्हणजे फरशीपासून ४ मिलिमीटर वर. एवढीशी फट कोणाला दिसणार, असं वाटतं खरं. पण वस्तू टेकली आहे की नाही हे ओळखायला आपला डोळा पाय आणि फरशीच्या सांध्यातली गडद रेघ शोधतो. त्या सांध्यात उजेडाला शिरायला जागा नसते, म्हणून सावली तिथे सगळ्यात दाट असते आणि पायापासून लांब जाईल तशी विरत जाते. आमच्या चित्रात फटीतून उजेड आरपार गेला. जी काही पुसट रेघ उमटली होती, ती डिनॉइझरने, म्हणजे चित्राचा दाणेदारपणा घालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दाणे काढताना सोबत पुसून टाकली.

कात्रीने कापल्यासारख्या कडा ही त्याहून मोठी चूक. तुमचं मॉडेल मिलिमीटरमध्ये होतं, आमच्या सीनमध्ये, म्हणजे आम्ही दिवे आणि कॅमेरा लावतो त्या कॉम्प्युटरवरच्या खोलीत, ते सेंटिमीटर धरून उघडलं गेलं. खुर्ची, टेबल, खोली, सगळं दहापट मोठं झालं. दिवा मात्र आम्ही लावलेला, तो ६० सेंटिमीटरचाच राहिला. त्या खोलीच्या मानाने तो ६ सेंटिमीटरचा झाला. सावलीची कड किती मऊ पडणार हे, त्या जागेवरून दिवा केवढा दिसतो त्यावर ठरतं. रुंद दिव्याखाली कडेच्या पट्ट्यात दिव्याचा थोडा भाग दिसतो, थोडा झाकलेला असतो, त्यामुळे उजेडातून अंधारात हळूहळू जाता येतं. दिवा ठिपक्याएवढा झाला की मधला टप्पाच उरत नाही.

हे आमच्या लक्षात यायलाच हवं होतं. अंतर दहापट झालं की उजेड शंभरपट कमी होतो. खोली काळीकुट्ट दिसली, म्हणून आमच्या माणसाने दिव्याची तीव्रता वाढवत नेली, शेवटी शंभरपटीच्या आसपास. एवढी का वाढवावी लागतेय, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. मीही चित्र पास करताना विचारला नाही.

आता निळ्या सावलीचं. तिथे अर्धी बाजू आमची आहे. उघड्यावर सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिला उजेड मिळतो तो मुख्यतः आकाशाचा, आणि स्वच्छ आकाश निळं असतं. त्यामुळे थोडी निळसर झाक खरी आहे, ती मी काढणार नाही. त्या चित्रातल्या कडाही बरोबर आहेत. आकाशात सूर्याचा व्यास साधारण अर्धा अंश दिसतो, त्यामुळे सावली पाडणारा भाग सावलीपासून १ मीटर लांब असला की तिची कड जवळपास ९ मिलिमीटर धूसर होते. पायाशी रेखीव, पाठीच्या वरच्या पट्टीपाशी मऊ, अशी ती पडली आहे. पण झाक तुम्हाला जास्त वाटली, तेही खरंच आहे. खुर्चीशेजारची विटांची भिंत फ्रेममध्ये येत नव्हती, म्हणून सीन हलका करायला आम्ही ती डिलीट केली. ती भिंत असती तर तिच्यावरचं ऊन परतून सावलीत थोडा तांबूस उजेड आला असता. भिंत कॅमेऱ्याला दिसत नसली तरी फरशीला दिसते.

दुरुस्तीच्या नावाखाली जे पाठवलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. मूळ सीन न उघडता फोटो एडिटरमध्ये सावली फिकट केली, तीही सरसकट. म्हणजे पायापाशी जो थोडाफार गडदपणा शिल्लक होता तोही गेला आणि खुर्ची आणखीच अधांतरी दिसू लागली. तुम्ही चिडलात यात नवल नाही. त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

तिन्ही चित्रं सीनपासून नव्याने करतोय, त्याचे पैसे घेणार नाही आणि आधीच्या कामाचं उरलेलं बिलही रद्द केलं आहे. यापुढे प्रत्येक कामात रंग-पोत चढवण्याआधी क्ले रेंडर तुमच्याकडे येईल: सगळं एकाच राखाडी रंगात, फक्त आकार आणि उजेड. लाकडाचे रेषे, कापडाची वीण नसली की चुकीची सावली लगेच उघडी पडते. इम्पोर्ट झाल्यावर एक ओळखीचं माप, बहुतेक वेळा बैठकीची उंची, मोजून मगच पुढे जायचं असंही ठरवलं आहे.

नवे क्ले रेंडर आज मेल केले आहेत. पहिल्या चित्रात मागचा उजवा पाय झूम करून बघा. चकत्या परत बसवल्या आहेत, खालची रेघ आली आहे. टेबलाखालची सावली मला अजून किंचित कडक वाटतेय. तुम्हालाही तशी वाटली तर कळवा, त्यानंतरच रंगाला हात लावतो.