रियाजाचे तास आणि वाचनाचे तास

संगीत महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवणे म्हणजे त्यांच्या रियाजाचे तास हिरावून घेणे होय, हे एका लेखात मांडलेले मत मला पटत नाही. वेळेची ओढाताण खरी आहे. वाद्यावरचा हात रोजच्या सरावाशिवाय टिकत नाही, हेही मान्य. परंतु ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने १८२७ मध्ये जर्मन कवी विल्हेल्म म्युलरच्या २४ कवितांना दिलेल्या चाली गाणारा विद्यार्थी जर्मन उच्चार कितीही घोटून आला, तरी त्या कवितांतील एकाकी भटका कोणत्या काव्यपरंपरेतून आला हे त्याला ठाऊक नसेल, तर कोणत्या शब्दावर आवाज रोखायचा याचा निर्णय तो स्वतः घेऊ शकत नाही आणि शेवटी शिक्षकाची नक्कल करतो. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची पाचवी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, १९३७ मध्ये, स्टालिनच्या दडपशाहीच्या ऐन काळात, प्रथम सादर झाली. तिच्या अखेरच्या भागातील जल्लोष खरा मानायचा की लादलेला, यावर आजही मतभेद आहेत, आणि त्या भागाची गती ठरवताना वाद्यवृंदाच्या संचालकाला कोणती तरी बाजू घ्यावीच लागते.

अर्थात, हे विषय केवळ श्रेयांक भरण्यापुरते उरकले जात असतील, तर त्या लेखाच्या लेखकाची तक्रार रास्त आहे. अमेरिकेतील बार्ड महाविद्यालयाच्या २००५ मध्ये सुरू झालेल्या संगीत विभागात पदवीच्या विद्यार्थ्यांना पाच वर्षांत संगीताखेरीज दुसऱ्या विषयाचीही पदवी घ्यावी लागते. एवढी सक्ती सर्वांना झेपेल असे मला वाटत नाही. वर्षाला एकच विषय, पण मूळ ग्रंथ वाचून आणि निबंध लिहून शिकवला, तरी पुरे.