सगळ्यांना एकच प्रोग्रॅम?
व्यायामाचे प्रोग्रॅम विकणाऱ्या ट्रेनरना सल्ला देणाऱ्या लेखातलं ‘किंमत फार पाडू नका’ हे म्हणणं पटलं. पण ‘इंटरव्हलचा (थोडा वेळ जोरात व्यायाम, मग थोडी विश्रांती) व्हिडिओ एकदाच बनवा आणि सगळ्यांना तोच विका’? ताबाता या नावाने इंटरव्हलचा जो प्रकार सर्रास खपवला जातो, तो १९९६ च्या जपानी अभ्यासात सायकलवर झाला होता. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्यांत माणूस गळपटायचा. आणि तीही व्यायामाची सवय असलेली तरुण मुलं! बैठं काम करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला तेच जंपिंग जॅकच्या उड्यांसकट पाठवायचं म्हणजे कमालच. पैसे घेण्याआधी निदान गुडघे, रक्तदाब, औषधं विचारणारा फॉर्म तरी भरून घ्या. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) घेणाऱ्याचे ठोके फारसे वाढतच नाहीत, त्याला ठोक्यांवरून व्यायामाचा जोर ठरवणारा हार्ट रेट झोनचा तक्ता काय कामाचा? दम किती लागला, बोलता येतंय का, हेच विचारावं लागतं.