मान वळवायचं मशीन

माझ्या मांडीवर जे होतं त्याला बीपीचं मशीन समजावं, इतकं काही ते वाईट दिसत नाही. तरी काल पुण्यात टिळक रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या काकांनी शर्टाची बाही दंडापर्यंत गुंडाळली, हात माझ्यापुढे केला आणि म्हणाले, “बघा हो जरा. सकाळची गोळी राहिलीय.”

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. त्यांच्या डोळ्यांत ड्रॉप्स टाकले होते. माझ्या आईच्याही. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत डोळे मिटून बसवून ठेवतात, म्हणून वेळ काढायला मी माझा जुना निन्टेन्डो थ्रीडीएस, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, नेला होता, आणि त्याला सर्कल पॅड प्रो चढवलेला होता.

हा प्रकार काय आहे ते पटकन सांगतो. थ्रीडीएस २०११ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये निघाला तेव्हा डाव्या अंगठ्याला एक गोल सरकती चकती होती, उजव्याला नव्हती. मॉन्स्टर हंटरसारख्या खेळात डावा अंगठा माणसाला चालवतो आणि उजव्याने कॅमेरा, म्हणजे त्याची मान, वळवायची असते. कंपनीला हे डिसेंबरात आठवलं. मग तिने काळ्या प्लास्टिकचा एक पाळणा काढला. आख्खा थ्रीडीएस त्यात बसवायचा, की उजवीकडे चकती मिळते आणि मागे तीन बटणं. त्याच महिन्यात सोनीचा व्हिटा हा तसलाच गेम जन्मतःच दोन्ही अंगठ्यांची सोय घेऊन आला, पण ते मी मनाला लावून घेत नाही.

“काका, हे बीपीचं नाही. गेम आहे.”

“गेम?” बाही तशीच वर. “मग एवढा रुंद का?”

हा प्रश्न मी गेले तीन आठवडे स्वतःला विचारायचं टाळत होतो. मी उत्तर जुळवेपर्यंत “द्या इकडे” म्हणून त्यांनी तो घेतलासुद्धा. खेळ चालू होता. पन्नास मिनिटांची शिकार, त्यातली अडतीस संपलेली, आणि पाण्यात लागिआक्रस नावाचा विजेचा ड्रॅगन माझ्या अंगावर येत होता. झाकण मिटलं असतं तर सगळं जागच्या जागी थांबलं असतं. काकांनी ते उघडंच धरलं, आरतीचं तबक धरावं तसं.

डोळे मिटलेले, पण बोटं फिरत होती. आधी कडेवरून, मग खाचेतून. अंगठ्याच्या नखाने त्यांनी थ्रीडीएस आणि पाळण्यामधली फट चाचपली, जरा हलवून पाहिली आणि म्हणाले, “प्ले आहे.”

“हो, खेळच आहे.”

“तो प्ले नाही हो. फिटिंगला प्ले आहे. ढिलं आहे.” मग जरा थांबून, “मी खडकीला होतो, ॲम्युनिशन फॅक्टरीत. टूलरूम. ३१ वर्षं.”

दारूगोळ्याच्या कारखान्यात ३१ वर्षं काढून दहाही बोटं शाबूत असलेला माणूस फिटिंगबद्दल बोलतो तेव्हा ऐकून घ्यावं लागतं.

“हे नंतर जोडलंय.”

“हो.”

“मूळ ड्रॉइंगमध्ये नव्हतं.”

“नव्हतं.”

“कशाला जोडलं?”

“मान वळवायला.”

“कोणाची?”

“माझी. म्हणजे खेळातल्या माझी.”

“केवढ्याला?”

“आठशे,” मी म्हणालो. वरचे दोन हजार मी आईकडे बघून गिळले. तिचे डोळे मिटलेले होते, पण आईचे कान काही ड्रॉप्सने बंद होत नाहीत.

काकांचं बोट आता मागच्या बाजूला पोचलं होतं. “आणि याची कॅसेट कुठून बदलायची?”

त्याची खाच पाळण्याच्या आड जाते. गेम बदलायचा तर आधी आख्खा थ्रीडीएस पाळण्यातून उपसून काढायचा. हे मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

“अहो, चेतकला साइडकार लावली तरी सीट उचलून पेट्रोल भरता यायचं!” आता समोरच्या बाकावरची तीन माणसंही मिटल्या डोळ्यांनी आमच्याकडे तोंड करून बसली होती. “हे विद्यापीठ चौकातल्या पुलासारखं झालं. आधी पूल बांधा. मग मेट्रो आठवली की तो पाडा. मग दुमजली बांधा.”

तो पूल २०२० साली पाडला आणि त्यानंतर औंधहून गावात यायला मी आयुष्यातले किती तास घातले ते मोजायची हिंमत होत नाही. विसरणार ते आणि भोगणार आपण. थ्रीडीएसचंही तेच झालं. बाजारात येऊन सहा महिने होत नाहीत तो अमेरिकेत अडीचशे डॉलरचा एकशेसत्तरला केला, आणि आधी रांगेत उभं राहून घेणाऱ्यांच्या हातावर वीस जुने गेम ठेवले. २०१४ मध्ये नवा थ्रीडीएस काढला, त्याला उजवीकडे बारकंसं बोंड आतूनच बसवलेलं. म्हणजे जमत होतं! माझा पाळणा त्या नव्याला बसत नाही, मधे आलेल्या मोठ्या आकाराच्या एक्सएललाही बसत नाही. बसतो फक्त ज्याच्यात चूक झाली होती त्यालाच. आणि बसल्यावर थ्रीडीएसची मूळ बटणं उजव्या अंगठ्यापासून इतकी लांब जातात की तलवार उपसेपर्यंत ड्रॅगन जेवून हात धुतो. रात्री अंगठा ठणकतो तो वेगळाच.

“वायर लागत नाही हाताला,” काका म्हणाले. “मग ही दोघं एकमेकांशी बोलतात कशी?”

“इन्फ्रारेडने.”

“म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखं?”

“तसंच.”

काकांनी थ्रीडीएस मांडीवर ठेवला. टूलरूममध्ये नापास माल बाजूला ठेवत असतील तसा. “म्हणजे तुम्ही टीव्ही घेतला, त्याचा रिमोट घेतला आणि रिमोट टीव्हीलाच चिकटवून टाकलात.”

यावर काय बोलणार? इतक्यात टूं टूं करत माझा शिकारी आडवा झाला. तो काल तिसऱ्यांदा पडला, आणि तीनदा पडलं की शिकार संपते. दोन-चार मांजरं येऊन त्याला हातगाडीवर घालून घेऊन गेली.

“काय झालं?”

“मेलो.”

“कशाने?”

“मान वळली नाही.”

काकांनी सहानुभूतीने मान हलवली. त्यांची वळते. “रिमोट म्हणजे सेल लागत असेल.”

“एकच. छोटा पेन्सिल सेल.”

तेव्हा माझ्या डाव्या बाजूने, डोळे मिटलेल्या अवस्थेतच, आई बोलली. “एकच?”

मी गप्प.

“तरीच! सोमवारपासून मी रिमोट तळहातावर आपटतेय. दर वेळी उठून टीव्हीपाशी जाऊन चॅनल बदलतेय. गुडघे दुखतात माझे. मागचं झाकण उघडून बघायचं मला सुचलं नाही, कारण घरातला माणूस दोनातला एकच सेल नेईल असं वाटत नाही हो कोणाला!”

“असतात अशी माणसं,” काका म्हणाले आणि बाही खाली केली. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं.

परत येताना आईला काळा चष्मा लावून, दंडाला धरून, इलेक्ट्रिकच्या दुकानात नेलं. सेल सुटा देत नाहीत, जोडीच घ्या, म्हणाला. मी मनात हिशेब केला, एक तिला, एक मला. घरी आल्यावर आईने दोन्ही नवे सेल चाचपत रिमोटमध्ये घातले. “जोडी एकदम बदलायची असते. एक जुना एक नवा घालू नये.” मग रिमोटमधून निघालेला जुना सेल माझ्या हातावर ठेवला. “हा घे. तुझ्याला एकच लागतो ना?”

टीव्हीवरचं तिला अजून धड दिसत नव्हतं. तरी रात्री नऊपर्यंत चॅनल बदलत होती, जागेवरून न उठता.